सभागृहातली हिरवी शाल

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
२८ नोव्हेंबर

चि. वैदेहीस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल. तुझ्या बाबांचा खोकला काढ्याला भिऊन पळाला. काढा उरलाय आणि मी तो फेकणार नाही हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे हल्ली ते शिंकायलासुद्धा अंगणात जातात.

पत्र लिहायचं कारण, फोनवर धड काही बोलताच येत नाही. तू मोकळी होतेस संध्याकाळी, आणि नेमके तेव्हाच मागच्या बोळात शिवलिंगप्पांचे माग भरात असतात. खडखडाटामुळे भाडं कमी, म्हणून हे घर तेव्हा मीच पसंत केलं होतं. आता तक्रार कुणाकडे करू?

तर मुख्य बातमी. तू दिसलीस! अधिवेशन सुरू झाल्यापासून मी पोळ्या आटोपून टीव्हीसमोर बसते. अध्यक्ष आले की सगळे उठून हात जोडतात, मीही उठून जोडते. आपलं काय जातंय? मग प्रश्न विचारतात, मग कागद ठेवतात, मग कुणीतरी ओरडायला लागतं. तू सांगितलं होतंस तशी मधल्या टेबलाशी मान खाली घालून लिहिणारी माणसं असतात. बुधवारी त्यांच्यात माझी हिरवी शाल दिसली. मीच विणलेली, लोकर पुरली नाही म्हणून कडेला पिवळी लावलेली. अशी शाल अख्ख्या हिंदुस्थानात दुसरी असायची नाही. मेले चेहरा काही दाखवत नाहीत, नुसतं डोकं आणि खांदे. तरी मी तशीच उठले, मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या आणि पडद्यावरूनच तुझी दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तरी ठसका आला नाही, म्हणजे लागलीच होती बघ. तेव्हापासून रोज काढते. संसदेत पाचशे माणसांच्या नजरा, थोडं का आहे?

शेजारच्या सोजरबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या की पोरगी लई वाळली की हो, आणि केस कापलेत व्हय. मलाही तेच विचारायचं आहे. एवढी लांब वेणी का कापलीस?

आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना? अधिवेशन संपेपर्यंत नोकरी कायम झाली तर दिल्ली, नाहीतर घरी यायचं आणि टेंभुर्णीच्या स्थळाला समोर बसून काय ते उत्तर द्यायचं. ती माणसं चांगली आहेत, थांबली आहेत. पण आता तू थेट सभागृहातच बसतेस म्हटल्यावर कायम झाल्यातच जमा. मी तसं पेठेत सांगूनही टाकलं.

शेंगापोळ्या पाठवल्या आहेत. खाली ठेवलेला कागद फेकू नकोस, चांगला आहे.

लोभ असावा, आणि अंगात स्वेटर असावा.

तुझी आई


नवी दिल्ली
२ डिसेंबर

ती. सौ. आईस वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत उघडलं आणि हसता हसता मला ठसका लागला. तुझ्या मिरच्या इथं पोचल्या म्हणायच्या.

आई, ती मी नव्हे. ती काशम्मा. माझ्या खोलीत राहते, आपल्या शेजारच्या इंडीची आहे. नाव आजीचं लावलंय म्हणून म्हातारं, बाकी माझ्याच वयाची. केस तिचे पहिल्यापासून आखूड आहेत. माझी वेणी जाग्यावर आहे. सभागृहात गारठा फार. तिची आई ती लहान असतानाच गेली, घरून कुणी काही विणून पाठवणारं नाही, म्हणून मी शाल तिला दिली. रागावू नकोस.

काशम्मा इंग्रजी भाषणं लघुलिपीत घेते, मी हिंदी. मी अजून सभागृहात बसलेच नाही, समित्यांच्या बैठका लिहिते. सभागृहात प्रत्येकीला पाचच मिनिटं बसायचं. तेवढ्यात जे जे बोललं जाईल ते उतरवायचं, दुसरी आली की हळूच उठायचं, आणि खोलीत जाऊन सगळं साफ लिहून काढायचं. आमच्यात टर्न म्हणतात त्याला.

माझं अडतंय ते सांगते. आमचे मुख्य साहेब सरावाच्या खोलीत मजकूर वाचतात आणि आम्ही लिहितो. तिथं पंख्याचासुद्धा आवाज नाही. मला माझाच श्वास ऐकू येतो आणि पेन अडखळतं. दोनदा अख्खी वाक्यं सुटली. साहेब मवाळ माणूस, पण म्हणाले की आता सभागृहातच बसवून बघतो, तिथंही सुटलं तर कायम करा असं मला लिहिता येणार नाही. अकरा तारखेला, गुरुवारी, दुपारी माझा पहिला टर्न आहे. त्यावरच सगळं ठरणार.

टेंभुर्णीचा मुलगा चांगलाच असेल. पण आई, मला इथं राहायचंय. देशाचं बोलणं चाललेलं असतं आणि ते कागदावर उतरवणारा हात आपला असतो, हे मला फार आवडतं. पेठेत सांगितलंस ते परत कसं घेणार, ते मात्र तुझं तू बघ.

काशम्माला दृष्टीची हकीकत सांगितली. आधी खूप हसली. नंतर म्हणाली की या आठवड्यात डोकं अजिबात दुखलं नाही, त्याचं कारण आत्ता कळलं.

लोभ आहेच, शेंगापोळ्यांसकट वाढावा.

तुझी वैदेही


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
६ डिसेंबर

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

फजितीला काही सीमा? सोजरबाईंना खरं सांगितलं तर त्या म्हणाल्या की आता शाल बघून लेक ओळखता, उद्या टोपी बघून नवरा ओळखाल. तुझे बाबा एवढे हसले की खोकला परत आला. काढा होताच.

दृष्ट वाया गेली असं मात्र मी समजत नाही. आई नसलेल्या पोरीची कुणीतरी काढायलाच हवी होती. देवाने माझ्याकडून काढून घेतली. काशम्माला विचार, जेवलीस का, ऊट आयता? माझं माहेर अक्कलकोटचं, तिला म्हणावं तुझ्याशी मी कानडीतून बोलेन, वैदेहीला कळू न देता. शाल आता तिचीच. या वेळी शेंगापोळ्या दोन डब्यांत घातल्या आहेत. तिच्या डब्याला हात लावू नकोस.

आता गुरुवारचं. मार्गशीर्षातला गुरुवार आहे, महालक्ष्मीची पूजा मांडणार, दुपारी बायका हळदीकुंकवाला येणारच आहेत. टीव्ही चालू ठेवीन. तू मी दिलेली निळी इरकल नेस, म्हणजे मी ओळखीन. हिरव्या शालीला मी आता फसायची नाही.

पेन अडखळतं त्याला मी काय सांगू? मी आपली मॅट्रिक. लिहायला बसताना सिद्धरामेश्वराचं नाव घे. फक्त ते कागदावर उतरवू नकोस, नाहीतर कुठल्यातरी मंत्र्याच्या तोंडी जायचं. टेंभुर्णीहून निरोप आला होता. गुरुवारनंतर कळवते म्हटलं.

पोटभर जेव. भीती रिकाम्या पोटी जास्त लागते. लोभ तुझ्याकडे, काळजी माझ्याकडे असू दे.

तुझी आई


॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
११ डिसेंबर, गुरुवार

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

बायका आत्ताच गेल्या. पूजेचं आवरायचं तसंच ठेवून लिहायला बसले आहे.

आम्ही दुपारभर बघत होतो. कसल्यातरी विधेयकावर चर्चा चालली होती. एक गृहस्थ इतकं सावकाश बोलत होते की सोजरबाईंचा डोळा लागला. तेवढ्यात बाजूने हिरवी शाल आत आली. बायका ओरडल्या, आली, आली! मी म्हटलं छे, ती आपली नव्हे, ती इंडीची काशम्मा, तुम्ही दूध घ्या. आणि दूध द्यायला उठले. परत येते तो काय, आरडाओरडा. अर्धं सभागृह मध्ये धावलेलं. टीव्हीवाल्यांनी सगळं सोडून नुसती अध्यक्षांची खुर्ची दाखवायला सुरुवात केली. खुर्चीवर एक वयस्कर बाई होत्या. बसा, बसा म्हणून त्यांचा घसा बसला. मिरच्या हातात घेऊन मी निळी इरकल शोधतेय, पण टेबलच दिसेना. शेवटी त्या बाईंवरूनच उतरून टाकली. सगळे त्यांच्यावर ओरडत होते, त्यांना तरी उपयोग होईल. मग कामकाज उद्यापर्यंत बंद.

निळी इरकल कुठेच दिसली नाही. तुला बसवलंच नाही ना? की बसायच्या आधीच नको म्हणाले? बायकांना मी सांगितलं की संसद लवकर सुटली, वैदेहीचा नंबर पुढं गेला. सोजरबाईंनी जाताना पाठीवर हात ठेवला फक्त.

पोरी, झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नकोस. घरी ये. टेंभुर्णीला मी अजून काही कळवलेलं नाही, आणि तू आल्याशिवाय कळवणारही नाही. माळ्यावरची गादी उन्हात घातली आहे.

लोभ नोकरी बघून होत नसतो, एवढं ध्यानात असू दे.

तुझी आई


नवी दिल्ली
११ डिसेंबर

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

तीनदा फोन लावला. तिकडे माग चालू, आणि बाबा नुसते हॅलो हॅलो करून ठेवून देतात. बाबांना मेसेज उघडता येत नाही हे माहीत असूनही पाठवला. म्हणून आत्ता, ऑफिसातूनच, लिहिते.

तू पाहिलंस ना? पाहिलंच असशील!

निळी इरकल नेसून दारापाशी उभी होते. थंडीने की भीतीने, पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतला होता. काशम्मा तिचा टर्न संपवून बाहेर आली, तिने हिरवी शाल काढली आणि माझ्या खांद्यांवर घातली. इरकल सगळी झाकली गेली, पण म्हटलं शाल तर आईच्या ओळखीचीच आहे.

आत गेले. एक सदस्य अगदी हळू, थांबत थांबत बोलत होते. मधल्या शांततेत मला परत माझाच श्वास ऐकू यायला लागला. पहिल्या ओळीला पेन अडकलं, दुसऱ्या ओळीला एक शब्द सुटता सुटता राहिला. मला टेंभुर्णी दिसायला लागली, आई. खरंच.

आणि मग गोंधळ सुरू झाला. वीस-पंचवीस सदस्य थेट आमच्या टेबलाभोवती आले. डोक्यावर फलक, कानाशी घोषणा, एकाचं कोपर माझ्या वहीला टेकलेलं. माझ्या शेजारचा इंग्रजीचा माणूस पार गडबडला. आणि मला काय झालं सांगू? एकदम घरी बसल्यासारखं वाटलं. पाचवी-सहावीत मागच्या खिडकीशी बसून गणितं सोडवायचे, शिवलिंगप्पांचे माग खडखडत असायचे आणि त्यातून तू स्वयंपाकघरातून पाढे म्हण म्हणायचीस. तो खडखडाट बाजूला सारून तुझाच तेवढा आवाज ऐकायची मला सवय. आज तसाच त्या खुर्चीवरच्या बाईंचा आवाज वेगळा काढता आला. हात सुटला. कलम दोन, कलम तीन, कोण बाजूने, कोण विरोधात, सगळं उतरलं.

साहेबांनी माझी प्रत ध्वनिफितीशी ताडून पाहिली. म्हणाले की सरावाच्या खोलीत सुटतं आणि या बाजारात सुटत नाही, हे उलटंच कसं? मी म्हटलं, आमच्या घरामागे चार माग आहेत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि कायम करण्याच्या कागदावर समोरच सही केली.

बाबांना सांग. शिवलिंगप्पांना नक्की सांग. आणि पडद्यावर मी कशी दिसले ते सविस्तर लिही, खास करून वेणी.

लोभ असाच मोठ्या आवाजात राहावा.

तुझी वैदेही


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
१६ डिसेंबर

चि. वैदेहीस आणि चि. काशम्मास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं गुरुवारचं पत्र एव्हाना पोचलं असेल. ते फाडून टाक. मागची बाजू कोरी आहे, तेवढी ठेव.

कशी दिसलीस ते काय लिहू? पोटची पोर पहिल्यांदा सभागृहात बसायला आली आणि मी पेठेतल्या बायकांना सांगितलं की ती आपली नव्हे, तुम्ही दूध घ्या! सोजरबाईंनी हे मोहोळपर्यंत पोचवलंय. आता देवळात भेटेल ती बाई मला दूध घ्या म्हणते. म्हणू देत. वेणीचं टोक शालीखालून दिसत होतं असं सोजरबाई आता शपथेवर सांगतात. त्या झोपल्या होत्या, पण मी विरोध केला नाही.

टेंभुर्णीला स्वच्छ कळवलं, की मुलगी दिल्लीला कायम झाली, मुलाला तिकडे यायचं असेल तर बोलू. विचार करून सांगतो म्हणालेत. करू देत सावकाश.

शिवलिंगप्पांना पेढे द्यायला गेले. आधी त्यांना वाटलं आवाजाची तक्रार घेऊन आले. सगळं ऐकल्यावर बिचारे लाजले, आणि त्यांनी मला दोन टॉवेल दिले, नको नको म्हणत असताना.

दुसरी शाल विणायला घेतली आहे. हिरवीच, आणि लोकर पुरत असली तरी कडेला पिवळीच लावणार. कुठली कोण हे मी आता ओळखत बसणार नाही. दोघींची दृष्ट एकदमच काढीन.

एक बदल मात्र झालाय. पूर्वी सभागृहात गोंधळ सुरू झाला की मी टीव्ही बंद करायची, वीज तरी वाचते म्हणून. आता मोठा करते. काल सोजरबाई पदराने कान झाकत आल्या आणि म्हणाल्या की आधीच मागांचा एवढा कालवा, त्यात हे कशाला? मी म्हटलं, हळू बोला, आमची पोर अभ्यासाला बसलीय.

लोभ आहेच. तुम्ही दोघी आपापल्या वाटणीचा घ्या, भांडू नका.

तुमची आई