आईचा अबोला

प्रिय धाकटे,

तुझा निरोप मिळाला. नोकरीसाठी वर्षभर बाहेर जाणार, लेकीला, ठमीला, आईकडे ठेवणार. लगेच फोन करणार होते, पण फोनवर तू मला हसण्यावारी नेतेस आणि मीही विषय बदलते, म्हणून लिहायला बसले. पाळणाघरातून आत्ताच आलेय. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून अंगात त्राण उरत नाही गं, चहा टाकायचाही कंटाळा आलाय.

परवा पाळणाघरातल्या आम्हा बायकांसाठी मुलांच्या छळाविषयी शिबिर होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी विचारलं, लहानपणी मार कुणी खाल्ला? निम्म्याहून जास्त हात वर. पट्टीने की झाडूने, यावर हसतखिदळत गप्पाही झाल्या. नको तिथे हात कुणी लावला का, याला त्यांनी हात वर करायला लावले नाहीत. बऱ्याच माना खाली गेल्या. मग विचारलं, घरात असून कुणी दिवसचे दिवस विचारलंच नाही, बोललंच नाही, असं कुणाचं झालं? हेही छळात धरतात, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आधी आमच्या स्वयंपाकीणबाईंनी हात वर केला, ज्यांना जगात कशाचंच नवल वाटत नाही. मग एकेक करत जवळजवळ सगळ्यांनी. मीही.

आईने पोरींवर कधी हात उगारला नाही, असं नातेवाईक अजून कौतुकाने सांगतात. खरंच आहे ते. ती फक्त बोलायची थांबायची. ताट वाढायची, वेणी घालायची, आणि आपण घरात नसल्यासारखी वावरायची. तुझ्या हातून कप फुटला तेव्हा तू कितीतरी दिवस तिच्या मागे मागे फिरलीस, आणि शेवटी दाराआडच्या चपलांशी बोलायला लागलीस. त्यावरून आपण अजून तुझी थट्टा करतो. मला आता हसू येत नाही.

आई दुष्ट नाही. तिच्याशीही कदाचित कुणी असंच वागलं असेल. मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची ताकद माझ्यात नाही. तिचा राग येतो आणि तिची औषधंही मीच आणते.

ठमीला तिच्याकडे ठेवू नकोस. माझ्याकडे पाठव, एवढंच सांगायला हे लिहिलं. घर एवढंसं आहे, मी दमलेली असते, ओरडेनही. पण ओरडून झाल्यावर जेवायला हाक मारीन. ठमी दिवसभर काहीबाही विचारत असते, तिला कुणीतरी उत्तर द्यायला हवं.

तुझीच,
ताई