अक्षता नेणाऱ्या मुंग्या

नेर, २ ऑगस्ट २०२५

ती. विमलताईंना वच्छलाचा सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की आमचं घरचं सगळं शेजारच्या दोन घरांना कळतं. म्हणून पत्रच बरं. आम्ही खुशाल आहोत. कपाशी गुडघ्याला लागली आहे.

पत्रास कारण मुंग्या. देवघराच्या खोलीत आठ दिवसांपासून काळ्या मुंग्यांची रांग लागते. एकेरी नाही, पाच-पाच जणी शेजारी-शेजारी. येतात त्या बरोबर सकाळी पूजेला आणि दिवेलागणीला. परतताना प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा. देवापुढच्या अक्षता नेतात बिचाऱ्या. श्रावणात देवाघरचं धान्य वाहणाऱ्या जिवांना कोण अडवणार? मी उलट भिंतीशी चिमूटभर साखर ठेवते.

पण परवा एक तुमच्या भावाच्या अंगठ्याला डसली. तेव्हापासून एकच घोष, की मुंग्याइले कायले पोसून राह्यली, उद्या माह्या ताटात बसतीन. कृषी केंद्रातून मुंग्या मारायची पावडर घेऊन आले. मी श्रावणाची आण घातली तेव्हा कसेबसे कबूल झाले, की पोळ्यापर्यंत हात लावणार नाही. पण दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळीच टाकणार. देवांच्या पायाशी एवढे जीव जाणार या विचारानं मला घास गोड लागत नाही. तुमचं अर्धं आयुष्य जंगल खात्याच्या क्वार्टरात गेलं. या कोणत्या मुंग्या, आणि न मारता कशा जातील, ते कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
वच्छला


पांढरकवडा, ७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. आमचा विठ्ठल लहानपणी विंचवाच्या नांगीला दोरा बांधून गल्लीभर फिरायचा. त्याला आता मुंगीनं रडवलं, हे आईनं पाहायला हवं होतं.

मुंगी नुसत्या रंगावरून ओळखू येत नाही. सून पाहायला गेल्यासारखी तिची कंबर पाहा, चाल पाहा, खाणं विचार. कंबरेला गाठ एक की दोन? एका कागदावर साखर ठेव आणि दुसऱ्यावर मेलेलं झुरळ. श्रावण आहे हे मला ठाऊक आहे. झुरळ तुला खायचं नाही. तो पांढरा दाणा चिमट्यानं उचलून उन्हात नीट पाहा, हात मात्र लावू नको. आणि अक्षता म्हणतेस, तर देवापुढचे तांदूळ कमी होतात का, हे कधी पाहिलंस?

गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे. आठवण निघेल तेव्हा दोन ओळी टाकत जा.

तुझी,
विमलताई


नेर, १२ ऑगस्ट २०२५

ती. ताईंना सा. नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं आणि आता तोंड लपवायला जागा नाही.

यांचा चष्मा भिंगासारखा धरून पाहिलं. कंबरेला गाठ एकच. साखरेवरून अशा चालत गेल्या, जशी काही ती रस्त्यावरची रेती. झुरळ ठेवून मी आंघोळीला गेले. केस पुसून येते तोवर आठ-दहा जणींनी ते पालखीसारखं उचललं होतं. कुणी पुढून ओढते, कुणी मागून लोटते. कागदावर दोन पंख तेवढे राहिले. वाटीतल्या अक्षता मोजून ठेवल्या होत्या, त्यातली एक गेली नाही. आणि तो दाणा चिमट्यात धरून उन्हात नेला तर, ताई, दाण्याला पाय आहेत!

म्हणजे इतके दिवस मी मांसाहारी मंडळींना साखर वाढत होते, तेही श्रावणात, देवासमोर. तुमचे भाऊ हसून हसून खाटेवर आडवे झाले. म्हणाले, की तुह्या भक्तिणी त मटनवाल्या निघाल्या व! वर असंही म्हणाले, की आता कोणत्या तोंडानं त्याइची बाजू घेशील. मुंग्या मोरीच्या भोकातून अंगणात जातात, एवढं मी पाहिलं आहे. पावडरचा पुडा त्यांनी मोरीजवळच्या फळीवर काढून ठेवला. पोळ्याला दहा दिवस उरले. मांस खातात म्हणून मारायच्या, हे मनाला पटत नाही, पण माझं आता घरात चालत नाही.

लवकर लिहा. तुमच्या शब्दावर मी अडून आहे.

वच्छला


पांढरकवडा, १७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वच्छलेस आशीर्वाद.

हे स्पीड पोस्टानं टाकते आहे. नमस्कार-चमत्कार पुढच्या वेळी.

पाय असलेला पांढरा दाणा म्हणजे उधई, लाकूड खाणारी वाळवी. आमचे हे या मुंग्यांना वरातीच्या मुंग्या म्हणत. एकटीदुकटीनं निघत नाहीत, शे-दोनशे जणी मिळून जातात आणि उधईच्या घरावर धाड घालतात. तू त्या जातात कुठे तेवढंच पाहिलंस. येतात कुठून ते पाहा. त्याच खोलीत महालक्ष्म्यांची पेटी आहे ना? आईनं शिवणीच्या लाकडाचे मुखवटे घडवून घेतले ते तिच्यातच असतात. या महिनाअखेरीस महालक्ष्म्या बसायच्या आणि पेटी वर्षभर उघडली नसेल.

विठ्ठलला माझ्या नावानं सांग, की पावडर टाकलीस तर राखणदार मारशील आणि चोर घरात ठेवशील.

पेटी उघड आणि कळव. तोवर मला चैन नाही.

विमलताई


नेर, २३ ऑगस्ट २०२५

ती. ताईंना वच्छलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोळ्याच्या दिवशीच आलं. बैल दारात, माझ्या हातात ओवाळायचं ताट. बैलांना पुरणपोळी भरवली आणि यांना तशीच हाताला धरून आत नेलं.

रांग पेटीखालूनच निघत होती. पेटीचा तळ पापडासारखा झाला आहे. आत मातीच्या नळ्या आणि त्या नळ्या फोडत तुमच्या वरातीच्या मुंग्या. ज्येष्ठेचा मुखवटा जसाच्या तसा आहे. कनिष्ठेच्या उजव्या कानामागे बोटभर लाकूड खाल्लं गेलं, चेहरा मात्र शाबूत. आणखी आठवडा गेला असता तर काय उरलं असतं, ते लिहवत नाही. हे मुखवटा मांडीवर घेऊन कानामागची माती बोटानं झाडत बसले. मुखवटे आता कोठीत लोखंडी कपाटात आहेत, पेटी उन्हात.

आज कर. सकाळी उठले तर हे घरात नाहीत आणि फळीवर पुडाही नाही. धावत मोरीशी गेले, रांग चालू होती. तासाभरानं आले ते खांद्यावर वावराच्या कुंपणाचा सडका खांब घेऊन, उधईनं भरलेला. पुडा दुकानात परत देऊन आले म्हणे. अंगणात मोरीच्या भोकासमोर पळसाची पानं मांडली आणि खांब त्यावर झटकला. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, की आज कर हाये, साऱ्याइच्या घरी मटन शिजते, मंग याइनंच काहून उपाशी राहाव?

मी त्यांना दोनदा आंघोळ करायला लावली. उधईचे जीव जीव नाहीत का, हे मात्र मला विचारू नका. मी देवालाही अजून विचारलं नाही. आमची पंगत बसायच्या आधी अंगणातली पंगत जेवून उठली होती.

महालक्ष्म्यांना चार दिवस आधीच या, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू द्या.

आपली,
वच्छला