बसून राहणारी जात

ता. ९ मार्च, रविवार

ताई,

पांढऱ्या कोंबड्या घ्यायच्या नाहीत म्हणजे नाहीत. फोनवर दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तू "अंडी जास्त देतात" म्हणून फोन ठेवलास. म्हणून आता लिहितोय, कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. बाकी मी मजेत, खोकला गेला. तुम्ही सगळे बरे असाल.

त्या पांढऱ्या लेगहॉर्नना मी इथे पोल्ट्रीवर रोज दाणा घालतो. अंडी देतात, खोटं कशाला बोलू. पण नुसतं दार वाजलं तरी छपराला जाऊन धडकतात. छकुलीच्या अंगावर एक जरी फडफडली, तर तुझी पोरगी परत अंगणात पाऊल टाकणार नाही. तू ऑरपिंग्टन घे. सोनेरी, गुबगुबीत, लग्नाला निघालेल्या मावशीसारखी डुलत चालते. अंडी कमी, पण उचलली तर कडेवर बसते.

तू म्हणशील, "स्वतः एका जागी टिकला नाहीस, आणि मला बसणाऱ्या कोंबड्या शिकवतोस!" बरोबर आहे तुझं.

आईची काळी आठवते ना? आई उकिडवी बसून तळहात जमिनीला टेकवायची, काळी आपणहून त्यावर चढायची. मग तिला काखेत मारून आई मला शोधायला गल्लीत यायची. पोरं ओरडायची, "पळ रे, तुझी आई कोंबडी घेऊन आली!" तेव्हा लाज वाटायची. आता एवढ्या कोंबड्यांत उभा असतो, तरी त्या काळीच्या उन्हात तापलेल्या पिसांचा वास मध्येच नाकात येतो.

कोंबडीला वरून येणाऱ्या हाताची भीती असते. घार वरूनच येते ना. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि बाबांचा हात कायम वरूनच आला. कोंबड्यांवर, आणि... तुला ठाऊकच आहे. तूच मध्ये उभी राहायचीस.

आई गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी रिकाम्या खुराड्याला कडी लावतात, असं तू मागच्या पत्रात सहज लिहून गेलीस. मी जेवताना वाचत होतो. ताट तसंच राहिलं.

म्हणून काल एक उद्योग केला. प्रत्येक जातीच्या खुराड्यात बाबांसारखा हात घातला. वरून, झपकन. पांढऱ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. मुकादम म्हणाला, "अरे, दाणा घालतोयस का दरोडा?" ऑरपिंग्टनने मान वर करून पाहिलं आणि बसून राहिली. पुन्हा घातला. तरी बसून.

मी त्या जातीचा नव्हतो, ताई.

अंड्यांचं सोड. ह्याही बाबांपासून पळाल्या, तर ते कडी लावायचंही सोडतील.

मी कधी येणार ते विचारू नकोस. कोंबड्या बाबांच्या जवळ जातात का, ते आधी कळव.

छकुलीला पापा. बाबांना एवढंच सांग, की जात मी निवडली.

तुमचा,
पळपुट्या

ता. क. चार कोंबड्या, जाळी, आणि बाबांसाठी एक बुटकं स्टूल घे, वीतभर उंच. खाली बसलेल्या माणसाचा हात वरून येत नाही. सगळं मिळून पाठवतोय चार हजार दोनशे.