चिक्कीचा गूळ

८ जानेवारी
चार दात! पुढचे चार दात मीच झिजवलेत! डॉक्टरीणबाईंनी आरसा दाखवला — कडा सपाट, एकाचा तर टवकाच उडालेला. "फ्राऊ जोशी, झोपेत दात खाता तुम्ही. सवय जुनी आहे, पण हल्लीच फार वाढलीय. ऑफिसात काही ताण?"

ताण! ताणाचं नाव ऊर्मिला. न्युरेम्बर्गच्या कंपनीत मी इंटरव्ह्यू दिला, हे ऑफिसात फक्त हिला सांगितलं होतं, गळ्याची शपथ घालून. सप्टेंबरात बॉस म्हणतो, "मीनल, तुम्ही तर जाणारच आहात ना?" आणि टीमलीड कोण? ऊर्मिला! पुढे न्युरेम्बर्गही हुकलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

९ जानेवारी
सोडणार नाही तिला.

१३ जानेवारी
चारही दातांवर भराव घालून उंची वाढवली. झोपताना दातांवर चढवायला प्लास्टिकची खोळ दिली, इथे तिला शीने म्हणतात. "कडक काही चावायचं नाही!"

उल्हास बिचारा मऊ खिचडी करतो. जेवण झालं की जबडा चोळून देतो. "सोड ना तो विषय," म्हणतो. नवरा असावा तर असा. पण विषय सोडू कशी? काय म्हणून सोडू?

१४ जानेवारी
संक्रांत. रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू. ऊर्मिलाला वगळलं तर आमच्या बॉबलिंगेन गावभर बोभाटा होईल. केला फोन. "येच हं!" — किती गोड बोलले मी!

१७ जानेवारी
लाडू झाले. सगळ्यांसाठी साध्या गुळाचे, मऊ. तिच्या डब्यात चिक्कीच्या गुळाचे, पाकही मुद्दाम चढवलेला. एक ओट्यावर आपटून पाहिला. लेक अन्वी पळत आली, "ममा, इस्ट दास आइन श्टाइन?"

दगडच आहे, बाळा!

१८ जानेवारी
आली. पैठणी नेसून. कुंकू लावलं, तिच्या डब्यातला लाडू हातावर ठेवला. बाईने अख्खा तोंडात टाकला! कट्ट! हात गालावर. "कडक झालाय गं... पण चव छान आहे."

काय गार वाटलं मला! मग राहवलंच नाही. म्हटलं, "गोड बोल हं. निदान बॉसच्या कानात तरी."

तिचा चेहराच उतरला. लाडू या गालातून त्या गालात. "न्युरेम्बर्गचं म्हणतेस? मी नाही गं! ऑफिसच्या समरफेस्टला तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं बॉसला. हातात बिअर, छाती फुगवून — आमची मीनल चालली न्युरेम्बर्गला! मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, तुला माहितीये."

उल्हास आत चहा गाळत होता. बाहेर आलाच नाही.

१९ जानेवारी
चिक्कीचा गूळ अर्धा किलो उरलाय. उल्हासचे दात अगदी शाबूत आहेत. अजून तरी.