पायलटला चक्कर आली तर

उदगीर, सोमवार

ती. उमाक्काला धाकट्या चन्नबसप्पाचा शरणु शरणार्थी.

गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का नुसती बाटली उशाशी ठेवतेस? दाजींचा खोकला कसा आहे? अर्धापुरात यंदा केळीला भाव बरा आहे असं मोंढ्यात ऐकलं, म्हणजे दाजी खुशीत असतील. इकडं आम्ही ठीक. (आम्ही म्हणजे मी एकटाच. पण आडत दुकानात बसून बसून 'आम्ही' म्हणायची सवय जडलीय.) फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि चिडलीस की ठेवून देतेस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होईल.

विषय तुला ठाऊक आहे. माझ्या शिवानीची आई गेली तेव्हा पोर सव्वा महिन्याची होती, आणि आठ वर्षांची होईपर्यंत ती तुझ्याच मांडीवर वाढली. आता बंगळुरूत तिला मुलगी झाली, तर तिचं एकच म्हणणं, अक्कानं पाळण्यात घातल्याशिवाय बारसं होणार नाही. डॉक्टरांनी तुझा रेल्वेचा लांबचा प्रवास बंद केलेला, म्हणजे उरलं विमान. आणि विमानाचं नाव काढलं की तू विचारतेस, "वर गेल्यावर पायलटला चक्कर आली तर उतरवणार कोण? तू?" मागच्या खेपेला माझं डोकं फिरलं आणि बोलून गेलो, "हाव, मी उतरवतो!" तू हसलीस. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हसलीस, अक्का! ते मला लई लागलं.

मग मी या गोष्टीचा छडाच लावायचा ठरवलं. आधी मोंढ्यात विचारलं. तिथं सगळ्यांचं मत पडलं की ज्याला भरलेली ट्रॉली मागं घेता येते त्याला विमान अवघड नाही. (विमानात यातला एकही बसलेला नाही, हे मला नंतर सुचलं.) मग नांदेडला तुझ्या रविकिरणकडं गेलो. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेला भाचा कधीतरी मामाच्या कामाला यायला नको का? त्यानं कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ लावून दिला. वर जायचं म्हणून मी दांडा पुढं ढकलला, तर विमानानं नाकच खाली घातलं. दुसऱ्या खेपेला पायानं क्लच शोधत बसलो, तेवढ्यात समुद्र आला. असं करत करत अकराव्या खेपेला विमान धावपट्टीवर उतरवलं, फक्त उलटं. रविकिरण म्हणाला, मामा, चाकं वर हायेत. मी म्हटलं, असू दे, जागा तर बरोबर हाय ना! तो तुला यातलं काही बोलला नसेल, कारण मी त्याला शपथ घातली होती.

तेवढी तयारी करून गेल्या आठवड्यात नात बघायला नांदेडहून बंगळुरूच्या विमानात बसलो. जागा मिळाली एका दाराजवळची, पाय पसरायला ऐसपैस. जरा टेकतोय तोच तिथली कामावरची पोरगी वाकून हिंदीत विचारू लागली की काही संकट आलंच तर तुम्ही मदत करायला तयार आहात का. अक्का, अंगावर काटा आला! एवढ्या माणसांतून तिनं नेमकं मला विचारावं? आता आपल्या माणसांत मानाचं काम सोपवलं तर कोणी बसल्या जागी मान हलवत नाही. मी उठलो, टोपी नीट केली, पुढच्या-मागच्या सगळ्या रांगांना हात जोडून शरणु केला आणि मोठ्यानं सांगितलं, मंडळी, काळजी करू नका, पायलटला काही झालंच तर विमान उतरवायला मी आहे. लोकांना धीर यावा म्हणून बोललो, तर एक म्हातारी रडायलाच लागली आणि एका गृहस्थानं खाली उतरू द्या म्हणून दाराकडं धाव घेतली. त्या पोरीनं मला हाताला धरून बसवलं आणि समजावलं की माझं काम फक्त शेजारचं दार उघडायचं. तेही कोणी सांगितलं तरच. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण तुझ्या प्रश्नाचा निकाल लावूनच आलोय. बंगळुरूला उतरताना दारात पायलट उभी होती. होय, उभी! शिवानीच्या वयाची पोरगी, सोलापूरकडची निघाली. तुझा प्रश्न तिला जसाच्या तसा विचारला. मागं माणसं खोळंबली होती, तरी तिनं हसण्यावारी नेलं नाही. म्हणाली, काका, न शिकलेल्या माणसाला एकट्यानं जमणार नाही. खालून कोणी रेडिओवर एकेक बटण सांगत राहिलं तर कदाचित जमेलही, पण त्या विमानात मी माझ्या आईला बसवणार नाही. म्हणूनच तर पुढं आम्ही दोघं असतो, आणि एकाच वेळी दोघांचं पोट बिघडू नये म्हणून जेवणसुद्धा शक्यतो वेगवेगळं घेतो. तेव्हा अक्का, तुझं खरं ठरलं. मला विमान उतरवता येत नाही. पण मी उतरवावं अशी वेळ येऊ नये म्हणून किती माणसं जागी असतात, ते मी डोळ्यांनी बघून आलोय. भीती नावालासुद्धा वाटत नाही. मुळीच नाही.

दाजींना शरणु. तेल लाव.

तुझा धाकटा,
चन्नबसप्पा

ता. क. : येताना रेल्वेनं आलो. तिकिटं मिळत नव्हती वगैरे सांगणार होतो, पण विमान खाली येताना मी शेजारच्या माणसाचं मनगट इतकं आवळलं की त्याच्या घड्याळाचा पट्टा तुटला. हे उदगिरात कोणाला माहीत नाही आणि होऊही नये.

आणखी एक : पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची विमानाची दोन तिकिटं काढलीत. एकट्यानं पुन्हा चढणं मला होणार नाही. तू नाही म्हणालीस तर मीही घरीच बसेन आणि शिवानी आपल्या दोघांवरही रागवेल.

शेवटचं : मी नातीला अजून हातात घेतलेलं नाही. शिवानी पुढं करत होती, तर हात धुवून येतो म्हणालो आणि नळापाशीच उभा राहिलो. शिवानी एवढीशी असताना तिला तुझ्या मांडीवर देऊन मी दुकानात पळालो होतो, त्यामुळं तान्हं लेकरू धरायचं कसं हे मला आलंच नाही. एकसष्ट वर्षांचा झालो, आता कोणाला विचारू? पाळण्यात घालायच्या आधी तिला माझ्या हातात दे, अक्का. आणि खालून तुझे हात लगेच काढू नकोस.