खसखसचं वजन

अहो,

मी ईलिंगच्या देवळात अभिषेकाला जाते आहे, सहाच्या आत येत नाही. माझा सोमवार आहे, तुमची पोळीभाजी ओट्यावर झाकली आहे.

रेवतीनं पाळलेल्या पालीला आज तुम्ही खायला घालायचं. आधी तिला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवून काट्यावर वजन करा. डब्याचं वजन झाकणावर लिहिलंय, ते वजा करा. गेल्या सोमवारी एकतीस ग्रॅम भरली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात, चाळीस झाली की वाचली. मग पाच किडे कॅल्शियमच्या पांढऱ्या पावडरीत घोळवून चिमट्यानं एकेक पुढे धरा. जिवंत जीव मी देवाची क्षमा मागून देते. तिला हात लागला म्हणून आंघोळ नको, नुसते हात धुवा. मीही आता तेवढंच करते.

रेवती घर सोडून गेली तेव्हा लेकीची खोली उघडायची नाही म्हणालात, मी महिनाभर उघडली नाही. पाल तिनं नेली असेल, असं मनाला सांगत राहिले, आणि ती आत महिनाभर उपाशी राहिली. तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही.

दर सोमवारी चारला रेवती वजन विचारायला फोन करते. मी मुद्दामच ही वेळ धरून बाहेर पडले आहे, रागावू नका. पालीचं नाव खसखस आहे, ते घेऊन आकडा सांगा. आणि सांगून झाल्यावर लगेच फोन ठेवू नका.

सुनीती