कांतिभाईंच्या भिंतीवरची पाटी

बडोदे, मंगळवार, संध्याकाळ

छाणीला कांतिभाईंच्या कारखान्यात गेले होते. त्यांचे सागवानी झोपाळे आता जर्मनीतली माणसं घरबसल्या मागवतात, त्यासाठी विक्रीचा करार लिहून द्यायचा होता. चौदा दिवसांत माल परत, कारण विचारायचं नाही, हे ऐकून ते चिडलेच. "झोपाळा काय चप्पल आहे, बेन, घालून बघायला?" तिकडचा कायदाच तसा आहे म्हटल्यावर कसेबसे तयार झाले. वर म्हणाले, "मग इकडच्या गिऱ्हाइकांनाही हाच कागद द्या, दोन दोन कशाला?"

मी त्यांच्या डोक्यामागची पाटी दाखवली. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मग ही उतरवावी लागेल, म्हटलं.

"इकडचे तर आपलेच लोक! त्यांना कशाला चौदा दिवस?"

आपले, म्हणून त्यांना कमी? बोलून टाकलं मी. आवाज जरा चढलाच का?

मग माझ्याच झोपाळ्याचं निघालं. त्यांच्याकडूनच घेतलेला, पहिल्या दिवसापासून करकरतोय.

"तीन वर्षं! बोल्या केम नहीं, बेन? सांगायचं तरी!"

"पाटी होती ना."

वकील मी, आणि पाटीला घाबरले!

कांतिभाईंनी स्टूल ओढलं आणि स्वतः चढून पाटी उतरवली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहायला एक नवी वहीही काढली. इकडच्या कागदात चौदाचे दहा दिवस करा म्हणून घासाघीस केली, पण मी हटले नाही.

उद्या कडी बदलायला येणार आहेत. झोपाळ्यावर बसूनच लिहितेय. करकरतोय अजून. करकरू दे. तक्रार आता कांतिभाईंच्या नव्या वहीत आहे, पहिल्या पानावर, माझ्या नावाने.